आधी काढणाऱ्यानं बोलायचं

‘छान’ हा शब्द मराठीतून काढून टाकावा, या मताला मी आलेली आहे, आणि या मताला मी शांत डोक्यानं आलेली नाही.

मी तिसरीला शिकवते. शाळा जिल्हा परिषदेची. गावाचं नाव सांगत नाही, कारण प्रकरण तक्रारीपर्यंत गेलेलं आहे. कुंभार पिंपळगावातल्या माझ्या घरापासून तिथं स्कूटीनं जाता येतं आणि गेल्याचं पाठीला संध्याकाळपर्यंत आठवत राहतं, एवढी खूण पुरे. तर आमच्या वर्गात चित्रकलेचा तास असला, की कागद वाटून होतो न होतो तोच एकेक पोर माझ्या टेबलाशी. ‘मॅडम, छान हाय का?’ दोन डोंगर, मधून सूर्य, खाली घर, बाजूनं नदी. ‘छान.’ पुढचं पोर. तेच डोंगर, तोच सूर्य. ‘छान.’ आमच्या गावातून कुठल्याही बाजूला बघा, डोंगर दिसत नाही. कापूस दिसतो, ऊस दिसतो, मोबाइलचा टॉवर दिसतो. पण चित्रात डोंगर. एकदा हरिओमनं कागद पुढं धरला आणि मी मान वर न करता ‘छान’ म्हणाले. तो म्हणाला, ‘अजून काढलंच न्हाई मॅडम. पेन्सिल मागायला आल्तो.’

वर्ग हसला. मला राग आला, आणि त्या रागातच मी जाहीर करून टाकलं, की आजपासून कोणाच्याही चित्राला मी छान म्हणणार नाही. ज्यानं चित्र काढलं त्यानं आधी बोलायचं. यातलं मला काय आवडलं, काय जमलं नाही, आणि पुढच्या वेळी काय जमवणार. तीन गोष्टी. मग बाकीच्यांनी हात वर करून बोलायचं, मग शेवटी मी.

माझी कल्पना अशी होती, की पोरं विचार करायला लागतील. माणसानं अशा कल्पना करू नयेत, निदान नोकरीत असताना.

पहिल्या दिवशी हरिओमच उठला. म्हणाला, ‘मला माझं सगळंच आवडलं.’

‘काहीच राहिलं नाही?’

‘राह्यलं ना. अर्पिताचं चित्र आवडलं न्हाई.’

अर्पिता रडली. हरिओमला मी नियम पुन्हा सांगितला: उठून बोलायचं ते आधी फक्त स्वतःच्या चित्राचं. तो म्हणाला, ‘मंग त्याच्यात काय मजा?’ पण हळूहळू जमायला लागलं. महिनाभरात डोंगर मावळले. टॉवर आला. विहीर आली. कोणी म्हणे, ‘माझ्या आईचे हात लई लांब झाले, पण कामं पण लई असत्यात, राहू दे.’ मी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून ऐकत राहायची आणि मला नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा असं वाटायला लागलं, की आपण इथं का येतो ते आपल्याला ठाऊक आहे.

प्रांजली तर कधी बोलायचीच नाही. तिचे वडील गोरक्षनाथ शेळ्या सांभाळतात, थोडी शेती करतात. ती एक दिवस उभी राहिली, चित्र छातीशी धरून, आणि म्हणाली, ‘शेळी उभीच राह्यली. मला बसलेली पाहिजे होती. पुढच्या वेळी बसवणार.’ मी वर्गासमोर टाळ्या वाजवल्या. वाजवायला नको होत्या.

चार दिवसांनी गोरक्षनाथ शाळेच्या दारात. ‘मॅडम, तुम्ही पोरीला काय सांगितलं? पोरगी दिवसभर शेळीला धरून बसवून राह्यली. ती उठली की पुन्हा बसवती. शेळी चरंना, दूध देईना, माणूस दिसलं की पळती.’

मी म्हटलं, ‘ती निरीक्षण करतेय.’

‘ते कळलं हो. पण शेळीला कोणी सांगायचं?’

त्यांच्यामागून हरिओमची आजी, सुगंधाबाई. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. पोरगं ताटावर बसल्यावर भाजीचा एक घास खातं आणि विचारतं, ‘आजी, तुला तुझ्या भाजीतलं काय आवडलं न्हाई?’ सुगंधाबाईंनी सांगितलं, की चाळीस वर्षांत त्यांच्या मालकांची हिंमत झाली नाही हे विचारायची. हे सांगताना त्या माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू भाजी मीच नासवली.

यापर्यंत मी सहन केलं. पालक आहेत, बोलणारच. पण आमचे मुख्याध्यापक आबाराव सर! आबाराव सरांचा स्वभाव वाईट नाही. त्यांना फक्त कोणत्याही गोष्टीला रकाना लागतो. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘मॅडम, उपक्रम बराबर हाय. आपण ऑनलाइन भरून टाकू. श्रेणी काय देऊन राह्यल्या?’

‘श्रेणी देत नाही सर. मुलंच सांगतात.’

‘बिलकुल चालणार न्हाई. श्रेणीशिवाय पान पुढं सरकत न्हाई. बरं, ध्येय सांगा. ही प्रांजली. ध्येय काय?’

‘शेळी बसवणं.’

सरांनी चष्मा काढला. ‘मॅडम, ध्येय म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर. इथं तिन्ही दिलेले हायेत, एकावर बोट ठेवायचं फक्त. शेळी बसवणं हे काय ध्येय झालं? मी वर काय तोंड दाखवू?’

शेवटी त्यांनी प्रांजलीला कलेक्टर केलं. हरिओमला इंजिनिअर. चौथं ध्येय नसल्यामुळे बाकीचा सगळा वर्ग डॉक्टर झाला. आमच्या त्या एवढ्याशा गावात पंधरा-वीस वर्षांनी आजारी पडायला माणूस मिळणार नाही. मी सरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

त्याच सुमारास शाळेच्या भिंती बोलक्या करायचं ठरलं. ग्रामपंचायतीकडून. म्हणजे भिंतीवर चित्रं काढायची, पोरांनी ती बघत बघत शिकायचं. मला आनंद झाला होता. मी सुचवलं, की एक भिंत पोरांना द्या. सरपंच बद्रीनाथराव हसले आणि म्हणाले, ‘मॅडम, पोरं घाण करतील.’ आणि काम कचरू पेंटरला दिलं. कचरू पेंटर म्हणजे गावोगावच्या बियाण्यांच्या दुकानांचे बोर्ड रंगवणारा. माणूस दिवसभर कोणाशी बोलत नाही, कानात गाणी घालून रंगवतो, आणि सही मात्र अशी करतो की आधी सही दिसावी.

आमच्या वर्गासमोरच्या मोठ्या भिंतीवर सरपंचांनी सिंह सांगितला होता. खाली ‘जंगलचा राजा’. भिंतीवरचं कापड उद्‌घाटनाच्या दिवशीच निघायचं होतं. पाहुणे, हार, माइक, सगळी शाळा मांडी घालून उन्हात. कापड निघालं.

मी आयुष्यात प्रत्यक्ष सिंह पाहिलेला नाही. पण त्याच्या पाठीवर वशिंड नसतं, एवढं मला खात्रीनं माहीत आहे. या सिंहाला चांगलं उंच, पोसलेलं वशिंड होतं. पायांना खुरं होती. आयाळ होती, पण ती गुराच्या गळ्याखालच्या पोळीसारखी लोंबत होती. आणि तोंड माणसाचं होतं. भरघोस मिशा, कपाळावर आठी. कोणाचं तोंड, ते मी म्हणणार नाही. मी खाली मान घालून पायाजवळची मुंगी बघत राहिले.

बद्रीनाथरावांनी माइक हातात घेतला. ‘काय मुलांनो, कसा वाटला आपला सिंह?’

याचं उत्तर ‘छान’ असतं. ते एका सुरात, लांबवून, शेवटी टाळ्यांसकट द्यायचं असतं. हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. आणि बाकीच्या वर्गांनी दिलंही असतं; पण माझी तिसरी पुढच्या रांगेत होती आणि तिसरी गप्प होती. पुढची रांग गप्प, म्हणून मागच्याही गप्प. मग हरिओमचा हात वर झाला.

‘बोल बाळा,’ सरपंच म्हणाले.

‘कोणी काढला? ज्यानं काढला त्यानं आधी बोलायचं.’

सरपंच हसले. ‘मीच काढून घेतला, बेटा.’

‘मंग तुम्हाला त्याच्यातलं काय जमलं न्हाई?’

पाहुण्यांपैकी कोणीतरी खोकलं. आबाराव सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी हरिओमकडं डोळे मोठे केले. त्याला वाटलं मी प्रोत्साहन देतेय. सरपंच म्हणाले, ‘सगळंच जमलंय की!’ त्यावर हरिओमनं, नियमाप्रमाणं, काढणाऱ्याचं झाल्यावर आपलं मत दिलं. ‘ह्याला खुरं हायेत. हे गवत खातं.’

प्रांजलीनंही हात वर केला. ती पोरगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती. उभी राहून, स्पष्ट, माइकशिवाय शेवटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘तोंड सरपंचकाकाचं बराबर आलंय. ते मला आवडलं.’

तिनं कौतुक केलं होतं! माझा आजही दावा आहे, की त्या अख्ख्या कार्यक्रमात झालेलं ते एकमेव खरं कौतुक होतं. पण सगळं गाव हसलं, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि बद्रीनाथरावांनी माइक खाली ठेवला तो असा, की भोंगा किंचाळला.

आठवड्यात तालुक्याहून मला नोटीस आली. शिक्षिका विद्यार्थ्यांच्या मनात ग्रामपंचायतीच्या विकासकामांविषयी अनादर निर्माण करतात, तरी खुलासा सादर करावा. सिंहाचा उल्लेख कुठंही नव्हता. वशिंडाचाही नव्हता. मी आबाराव सरांकडं गेले तर ते म्हणाले, ‘मॅडम, तो उपक्रम तुमचा वैयक्तिक हाय.’ परवापर्यंत शाळेचा होता, ऑनलाइन भरलेला होता, त्यात त्यांचा फोटो होता!

घरी आले तर तिथं वेगळाच बाजार. शेजारच्या दुर्गाबाईंना नोटिशीचं माझ्याआधी कळलेलं. त्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकल्या. ‘वंदनाताई, जांब समर्थला जाऊन नारळ फोडा आणि सरपंचाच्या बायकोला साडी नेसवा. दोन्ही एकाच दिवशी करा म्हंजी खर्चा वाचतो.’ त्यांचे मालक राधेश्याम दारातूनच म्हणाले, की असल्या प्रकरणात मेडिकल टाकायचं, कंबर सांगायची, कंबर कोणालाच दिसत नाही. आणि आमचे हे, सोमेश्वर, पतसंस्थेत कामाला आहेत, त्यांना माफीचे मसुदे पाठ असतात. त्यांनी जेवता जेवता तयार करून दिला. ‘माझ्याकडून अनवधानाने…’

‘काय अनवधानाने?’ मी विचारलं.

‘काहीही. अनवधानाने म्हटलं की पुढचं कोणी वाचत नाही.’

‘अहो, पोरांनी खुरांना खुरं म्हटलं, ते अनवधानाने?’

‘वंदना, सिंह तुझा आहे का? मग तुला काय करायचंय? छान म्हणायचं आणि घरी यायचं.’

छान! माझ्या घरात, माझ्या ताटासमोर! मी उरलेली भाकरी तशीच झाकून ठेवली आणि खुलासा स्वतः लिहिला. त्यात एकच वाक्य होतं, की चौकशीला या आणि चित्र बघा. सोमेश्वर म्हणाले, हा खुलासा नाही, ही धमकी आहे. मी म्हटलं, असू दे.

चौकशीला विस्तार अधिकारी साहेब आले. बारीक, थकलेला माणूस, सोबत पाण्याची बाटली. व्हरांड्यात टेबल मांडलं. एका बाजूला सरपंच, एका बाजूला आबाराव सर, मधे साहेब, आणि मी उभी, कारण खुर्च्या संपल्या होत्या. तीन पुरुषांना तीन खुर्च्या आणि जिची चौकशी ती उभी! तक्रारीला साक्षीदार म्हणून कचरू पेंटरला बोलावलं होतं. त्यानं सांगायचं होतं, की बाईंच्या पोरांमुळं कलाकाराची मानहानी झाली. तो खांबाला टेकून, कानातल्या वायरी गळ्यात टाकून उभा होता. समोर सिंह. साहेबांनी सिंहाकडं पाठ करून बसायचं काळजीपूर्वक ठरवलं असावं.

साहेब म्हणाले, ‘मॅडम, एवढं वाढवायला नको होतं. लहान मुलांना काय कळतं चित्रातलं?’

इथं माझं डोकं फिरलं. इतके दिवस साठलेलं सगळं, ते डॉक्टर आणि कलेक्टर, ते अनवधानाने, ती न मिळालेली चौथी खुर्ची, सगळं एकदम वर आलं. मी म्हणाले, ‘साहेब, लहान मुलांना एवढं कळतं, की आपलं काय चुकलं ते उभं राहून सांगायचं आणि पुन्हा बसून दुरुस्त करायचं. आठ वर्षांची पोरगी सांगते. इथं टेबलाला बसलेल्यांपैकी कोणी एकानं सांगून दाखवावं. सरपंचांनी सांगावं. मुख्याध्यापकांनी सांगावं. तुम्ही वळून त्या भिंतीकडं बघा आणि तुम्हीही सांगा. ते जमत नसेल तर माझ्या पोरांना शिकवायला येऊ नका!’

माझा आवाज फाटला होता. वर्गातली पोरं खिडकीला चिकटली होती. आबाराव सर ‘मॅडम, मॅडम’ करत होते. साहेबांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

तेवढ्यात खांबाकडून आवाज आला. ‘मला सिंह येत न्हाई.’

सगळे वळले. कचरू पेंटर भिंतीकडंच बघत होता.

‘काय?’ सरपंच म्हणाले.

‘मला सिंह येत न्हाई, बद्रीनाथराव. मी तुम्हाला बोललो होतो. तुम्ही म्हणले, काहीही कर पण जल्दी कर. माझ्या हाताला बैल हाय. मी सिंह काढायला गेलो, की हात आपोआप वशिंडावर जातो.’ त्यानं भिंतीवरच्या मिशांकडं बोट केलं. ‘तोंडाचं तुम्हीच सांगितलं होतं, माझ्यासारखं रुबाबदार कर म्हणून.’

खिडकीतून हरिओमचा आवाज आला, ‘आता पुढच्या वेळी काय करणार ते सांगायचं राह्यलं!’ मी त्याच्याकडं पाहिलं. तो खाली बसला. कचरूनं कानात वायरी घातल्या आणि निघून गेला.

तुम्हाला वाटेल, आता साहेब उठले असतील, माझ्याशी हात मिळवला असेल. साहेबांनी शेरा लिहिला तो असा: चित्र समाधानकारक आहे, विद्यार्थ्यांचे आत्मपरीक्षण कागदावरील चित्रांपुरते मर्यादित ठेवावे, शिक्षिकेस समज देण्यात यावी. मला समज! ज्या टेबलावर तिची सगळ्यांत जास्त गरज होती, तिथून उचलून ती मला देण्यात आली. मी सही केली, आणि सहीचा पेन साहेबांच्या पुढं असा ठेवला, की तो गडगडत खाली गेला. उचलला नाही.

मी त्या आठवड्यात वर्गात फार कमी बोलले. पोरांना काहीतरी बिनसलंय हे कळलं. प्रांजलीनं मला हळूच विचारलं, ‘मॅडम, मी म्हणले म्हणून तुम्हाला बोलले का?’ मी नाही म्हटलं. पण तिनं त्या दिवशी चित्र काढल्यावर कागद उलटा करून ठेवला, आणि विचारलं तेव्हा म्हणाली, ‘छान हाय.’ मला आयुष्यात कशाचाच एवढा संताप आला नव्हता. समज मला द्या, पगारवाढ अडवा, भोकरदनच्या पलीकडं धावड्याला बदली करा, तिथंही पोरं असतीलच. पण ते एक पोर महामुश्किलीनं उघडलं होतं, ते या लोकांनी एका दुपारात पुन्हा मिटवलं.

शनिवारी सकाळची शाळा होती. मी गेले तर भिंतीपुढं शिडी. कचरू पेंटर वर उभा, हातात चुन्याचा रोलर, आणि सिंहाचं डोकं गेलेलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं. मला बघून म्हणाला, ‘मॅडम, शाळेत सिंहच पाहिजे, असा काही जीआर हाय का?’

‘माझ्या पाहण्यात नाही,’ मी म्हणाले.

‘मंग बसवा पोरांना इकडं.’

मी तिसरीचा वर्ग बाहेर काढला. पोरं भिंतीपुढं सावलीत बसली, उरलेला सिंहही चुन्याखाली गेला, आणि आमच्या डोळ्यांसमोर त्या पांढऱ्या भिंतीवर बैल उभा राहायला लागला. एका दमात पाठीची रेघ, वशिंडावरून चढून शेपटीपर्यंत, कुठं हात उचलला नाही. पोरांचं कुजबुजणं थांबलं. मीही विसरले की मला राग आलेला आहे. आठवल्यावर पुन्हा आणला. बऱ्याच वेळानं कचरू शिडीवरून उतरला, मागं मागं सरकत आमच्या रांगेपर्यंत आला आणि सवयीनं म्हणाला, ‘कसा वाटतो रे पोरांनो?’

कोणीच उत्तर दिलं नाही. सगळी त्याच्याकडं बघत राहिली.

त्याला कळलं. त्यानं मान खाजवली, कानातल्या वायरी काढून खिशात घातल्या, आणि भिंतीकडं बराच वेळ पाहिलं. ‘पाठ आवडली,’ तो म्हणाला. ‘मागचा पाय आखूड झाला. लंगडल्यासारखा दिसून राह्यलाय.’ मग बादलीतलं फडकं घेऊन तो पाय पुसायला लागला, आणि प्रांजली गुडघ्यांवर उभी राहून तो पाय पुसला जाताना बघत होती.

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. बद्रीनाथराव. कोणीतरी फोन केला असणार. कोणी, ते आबाराव सर ज्या घाईनं खोलीत गेले त्यावरून कळलं. सरपंच पटांगणातून ताडताड आले, पोरांच्या रांगेत शिरले, एकाच्या कंपासपेटीवर पाय दिला, आणि भिंतीकडं बोट करून ओरडले, ‘मॅडम! माझा सिंह कुठं गेला? कोणाच्या परवानगीनं…’

मी उठले. तिसरीला शिकवून शिकवून माझा एक आवाज झालेला आहे. तो मी घरी वापरत नाही, सोमेश्वरांवरसुद्धा नाही. तो मी त्या दिवशी, सगळ्या महिन्याचा राग त्यात भरून, वापरला.

‘वर्ग चालू आहे! बोलायचं असेल तर आधी खाली बसायचं आणि हात वर करायचा!’

आणि मी खोटं सांगत नाही, बद्रीनाथराव मटकन खाली बसले. बसल्यावर त्यांना स्वतःलाच काय झालं ते कळेना. पण उजवा हात खांद्याच्या वर गेलेला होता.

मी त्यांना बोलू दिलं नाही. त्यांच्या आधी प्रांजलीचा हात वर होता.